‘सिग्नल’ शब्दाने अडवलेलं पार्सल : डीएसपी चिपच्या नादी लागल्याचा माझा अनुभव

बिलावर मालाचं वर्णन होतं, ‘डिजिटल सिग्नल प्रोसेसर बोर्ड’, म्हणजेच डीएसपीचा बोर्ड. त्यातल्या ‘सिग्नल’ या शब्दाने माझे २६ दिवस खाल्ले. आता नागपूरच्या व्हेरायटी चौकात लाल दिव्यापाशी थांबलो तरी मला ते पार्सलच आठवतं.

मूळ भानगड कूलरची. आमच्या मानेवाड्याच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी सात-आठ मंडळी जमतात आणि बाबा खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतात. एक माइक, एक चार चॅनेलचा मिक्सर, एक जुना अँप्लिफायर, एवढाच सरंजाम. मे महिन्यात कूलर सुरू असला की भजनाखालून स्पीकरमध्ये एकसारखं ‘हूंऽऽ’ येत राहतं. मी एकदा भीत भीत विचारून पाहिलं, बाबा, भजनापुरता कूलर बंद ठेवायचा का? ‘तुयं डोकं फिरलं का बे? पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करतो?’ विषय संपला.

आपली वीज ५० हर्ट्झची. वायरीतून थेट शिरणारी घरघर ५० वर असते, पण मोटरमधलं चुंबकीय बल एका आवर्तनात दोनदा जोर करतं, म्हणून कूलरच्या मोटरची घरघर १०० वर येते. रेकॉर्डिंग करून मागाहून कॉम्प्युटरवर साफ करायचं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. मला ते चालू भजनात, तिथल्या तिथे कापायचं होतं. त्यातून इंजिनिअरिंगला असतानाची एक सल होतीच. डीएसपीचं किट होतं, पण कुलूपबंद कपाटात. प्रॅक्टिकल म्हणजे मॅटलॅब या सॉफ्टवेअरवर एक ग्राफ आणि सीनिअरच्या जर्नलवरून उतरवलेला निष्कर्ष. काचेतून पाहिलेली चिप हातात घ्यायची राहून गेली होती.

चिपबद्दल थोडक्यात. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत उतरवतात, तो एकेक आकडा म्हणजे नमुना. फिल्टर म्हणजे आत्ताचा आणि मागचे काही नमुने ठरावीक आकड्यांनी गुणायचे आणि बेरीज करायची, की नको ती फ्रिक्वेन्सी कापली जाते. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर एका नमुन्याला जेमतेम २०.८ मायक्रोसेकंद मिळतात, तेवढ्यात सगळं उरकलं पाहिजे. गुणाकार आणि बेरीज एका झटक्यात करण्यासाठीच डीएसपी चिप घडवलेली असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस३२०१० ही १९८३ च्या सुमाराला बाजारात आली, आमच्या कपाटातलं किट तिच्याच वंशातलं. मी मात्र अॅनालॉग डिव्हायसेसची एडीएयू१७०१ निवडली. चिपच्या पोटातच आवाजाचे आकडे करणारे दोन इनपुट आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे चार आउटपुट कन्व्हर्टर, ४८ किलोहर्ट्झला प्रत्येक नमुन्यामागे १०२४ सूचना, आणि सिग्मास्टुडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर. त्यात सी भाषेची एक ओळ लिहावी लागत नाही. ठोकळे ओढायचे, रेघांनी जोडायचे.

आधी बर्डीच्या बाजारात जाऊन आलो. काउंटरवरच्या पोराला विचारलं, डीएसपी आहे का. तो मागे वळून मालकाला ओरडला, ‘काका, डीएसपी पाहिजे म्हणते!’ काका चष्म्यावरून पाहत म्हणाले, ‘डीएसपी साहेब त सिव्हिल लाइनला भेटन ना भाऊ. इथं ५५५ भेटते, एलएम३८६ भेटते.’ मग हसून खरं सांगितलं, ‘असा माल नागपुरात चालत नाही. बाहेरून मागवा लागन.’

मागवला. चीनमधल्या एका विक्रेत्याकडून चिप लावलेला तयार बोर्ड आणि त्याला प्रोग्राम करायला यूएसबीचा छोटा बोर्ड, दोन्ही मिळून १,७०० रुपयांच्या आत. नुसती चिप मागवू नका. ४८ पायांची आहे, दोन पायांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. घरच्या सोल्डरिंग आयर्नने तिचं भजं होतं.

पाचव्या दिवशी पार्सल मुंबईला पोचलं आणि तिथेच बसलं. कुरिअर कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. मेसेज आला, केवायसी भरा. आधार टाकलं. दोन दिवसांनी नामंजूर, कारण आधारवर वर्ध्याचा जुना पत्ता आणि पार्सलवर मानेवाड्याचा. विजेचं बिल टाकलं. पुन्हा दोन दिवस. नामंजूर, कारण बिल बाबांच्या नावावर. बाबांनी विचारलं, ‘म्हणजे मी तुया बाप नाही म्हणते का ते?’ शेवटी बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान स्कॅन करून टाकलं, ते चाललं. आता मागवणार असाल तर आधी पत्त्याचा कागद हुडकून ठेवा, ऑर्डर नंतर द्या. मी उलटं केलं.

केवायसी मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी यूएसबी केबल, ३.३ व्होल्टचा सप्लाय, सगळं टेबलावर मांडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मेल आला. पार्सलमध्ये ‘सिग्नल प्रोसेसिंग इक्विपमेंट’ असल्याचं दिसतं, तरी वायरलेस उपकरणाचं ईटीए प्रमाणपत्र सादर करावं.

आता हे ईटीए खरं असतं. वायफाय, ब्लूटूथ असं काही हवेत लहरी सोडणारं उपकरण बाहेरून आणायचं तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची ती मंजुरी लागते. पण माझ्या बोर्डात अँटेना नाही, रेडिओ नाही. आवाज तारेने आत जातो, तारेने बाहेर येतो. बर्डीच्या काकांना डीएसपी म्हटल्यावर पोलीस आठवला, इथे कोणाला तरी सिग्नल म्हटल्यावर टॉवर आठवला. काकांनी निदान पुढच्या वाक्यात सांभाळून घेतलं होतं.

मी मेलला उत्तर दिलं. दोन परिच्छेद, नम्र भाषा, सॅम्पलिंग म्हणजे काय ते उदाहरणासकट. उत्तर आलं, ‘काइंडली प्रोव्हाइड ईटीए.’ पुन्हा लिहिलं, यावेळी तीन परिच्छेद. उत्तर तेच, फक्त खालचं नाव बदललेलं. टोल-फ्री नंबरवर प्रत्येक वेळी नवी व्यक्ती, प्रत्येक वेळी सुरुवात वर्ध्याच्या पत्त्यापासून. एकीने कळवळून सुचवलं, ‘सर, मग सर्टिफिकेट काढूनच टाका ना.’ एका रात्री चिडून मी खरंच मंजुरीचं पोर्टल उघडून बसलो. तिथे उपकरण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ते भरायचं होतं. मी २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ लिहायच्या बेतात होतो. माणसाच्या कानालाच मंजुरी मागितल्यासारखं झालं असतं. बायकोने लॅपटॉप बंद केला आणि जेवायला वाढलं.

वर्धा रोडच्या त्यांच्या ऑफिसात तीन चकरा झाल्या. दोनदा उत्तर मिळालं की आम्ही फक्त डिलिव्हरी करतो, क्लीअरन्स मुंबईचं. भर दुपारी दुपट्टा बांधून गेलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटत असेल, ते मी इथे लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी काउंटरवर दुसराच पोरगा होता. त्याने माझी सगळी मेलामेली शांतपणे वाचली आणि म्हणाला, ‘सर, तुम्ही लै लिहून राहिले. एवढं कोणी वाचत नाही. काय नाही ते लिहा, काय आहे ते कायले सांगता?’

त्या पोराचे उपकार आहेत. तिथल्याच बाकावर बसून कोऱ्या कागदावर लिहिलं, ‘सदर बोर्डमध्ये अँटेना नाही, ट्रान्समीटर नाही, रिसीव्हर नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. तारेने जोडायचा ऑडिओ बोर्ड. वैयक्तिक छंदासाठी, विक्रीसाठी नाही.’ खाली सही, तारीख. सोबत चिपच्या डेटाशीटचं पहिलं पान, ज्यावर आतली चौकटींची आकृती असते, आणि विक्रेत्याच्या पानावरचा बोर्डचा फोटो. तीन पानं, एक पीडीएफ. चौथ्या दिवशी पार्सल सुटलं. ड्युटी आणि कुरिअरचं हँडलिंग मिळून १,१४० रुपये. डिलिव्हरीवाल्याने ओटीपी मागितला तेव्हा मला तो दोनदा चुकीचा सांगितला गेला, इतका हात थरथरत होता.

पुढचं त्यामानाने पटापट झालं. यूएसबी बोर्डवर सायप्रेसची सीवाय७सी६८०१३ए चिप असते. त्यावरचा ईईप्रॉमचा, म्हणजे ओळख साठवणाऱ्या मेमरीचा, जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून केबल लावायची, म्हणजे तो आपली जुनी ओळख विसरून उठतो आणि सिग्मास्टुडिओचा ड्रायव्हर त्याला बसवता येतो. विंडोजने ड्रायव्हरच्या सहीवरून थोडी कटकट केली. २६ दिवसांनंतर ती मला लाडिक वाटली. पहिल्या दिवशी फिल्टर वगैरे काही करू नका. इनपुटचा ठोकळा सरळ आउटपुटला जोडा, ‘लिंक कंपाइल डाउनलोड’ दाबा आणि आवाज आरपार जातो का ते ऐका. माझ्याकडे गेला, पण पहिल्यापेक्षा जास्त घरघर घेऊन. अर्धा तास बोर्डला शिव्या दिल्यावर लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरघर निम्मी झाली. ग्राउंडचा घोळ, चार्जरच्या वायरीतून घरघर शिरत होती. लॅपटॉप बॅटरीवर ठेवूनच ऐकत जा.

माइक थेट लावायचा नाही, हे वरच सांगायला हवं होतं. एडीसीला, म्हणजे चिपच्या इनपुट कन्व्हर्टरला, लाइन लेव्हल (मिक्सरमधून निघतो तेवढा जोराचा सिग्नल) लागते, माझा मिक्सर मध्ये होता म्हणून निभावलं.

मग नॉच फिल्टर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीभोवतीचा अरुंद पट्टा तेवढा कापणारा. इथे पहिल्यांदा कॉलेजातलं गणित डोळ्यांनी दिसलं. ४८ किलोहर्ट्झला १०० हर्ट्झच्या नॉचमध्ये एक आकडा येतो १.९९९८३, आणि ५० हर्ट्झसाठी तोच येतो १.९९९९६. दोन्ही २ ला चिकटलेले, फरक चौथ्या दशांशात. ही चिप आकडे ५.२३ पद्धतीने ठेवते, म्हणजे दशांशाच्या बाजूला २३ बिट. आकडा त्यात मावतो, पण इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीला आतली गोळाबेरीज साध्या ठोकळ्यात खरखर करते. सिग्मास्टुडिओत डबल प्रिसिजनचे, म्हणजे जास्त बारकाईने हिशेब करणारे, ठोकळे आहेत, ते घेतले आणि खरखर गेली.

पट्टा किती रुंद कापायचा, यात एक गुरुवार वाया गेला. मी मोकळ्या हाताने कापलं आणि बाबांचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा झाला, कारण पुरुषाच्या आवाजाचा पाया तिथेच कुठेतरी १०० ते १५० मध्ये असतो. अगदी सुईसारखं बारीकही करता येत नाही. ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेमकी ५० वर थोडीच बसते, ४९.९० ते ५०.०५ हा तिचा नेमून दिलेला पट्टा आहे आणि मोटर त्याच्या दुप्पट हलते. १०० च्या नॉचला क्यू (हा आकडा जितका मोठा, तितका पट्टा अरुंद) ३० ठेवला, म्हणजे साधारण सव्वातीन हर्ट्झचा पट्टा. ५० आणि २०० लाही एकेक लावला. घरघर गेली. कूलरच्या पंख्याचा वारा आणि पाण्याची सरसर तशीच आहे. ती सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेली असते, नॉचने ती जात नाही. तसं सांगून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका.

लॅपटॉप काढल्यावर बोर्ड मुका झाला, त्यावर एक संध्याकाळ गेली. प्रोग्राम बोर्डवरच्या ईईप्रॉममध्ये लिहावा लागतो. हार्डवेअरच्या पानावर चिपवर राइट क्लिक केलं की पर्याय येतो. माझ्या बोर्डवर लिहिण्याला अटकाव करणारा डब्ल्यूपीचा जंपर लावलेलाच होता. तो काढून लिहिलं, सेल्फबूटची (स्वतःहून सुरू होण्याची) पिन वर केली, आता अँप्लिफायरसोबत चालू होतो आणि बंद होतो.

पार्सलच्या फंदात पडायचंच नसेल तर एसटीएम३२एफ४०७चा डिस्कव्हरी बोर्ड घ्या. देशातच मिळतो, १६८ मेगाहर्ट्झचा आहे, डीएसपीच्या सूचना त्याच्या कॉर्टेक्स एम४ प्रोसेसरमध्ये आहेत, माइक आणि डॅकही (आकड्यांचा आवाज करणारा कन्व्हर्टर) बोर्डवरच. शिकायला तो जास्त सोयीचा, हे मी मान्य करतो. मला कपाटातल्यासारखी खास डीएसपी चिपच हवी होती, त्याला इलाज नाही.

बाबांनी पहिल्या गुरुवारी विचारलं, ‘कूलर बंद केला का रे?’ नाही म्हटल्यावर उठून, जाळीपुढे हात धरून बघितलं.

पलीकडच्या गल्लीतल्या मंडळालाही आता असाच डबा हवा आहे. मागच्या आठवड्यात दुसरा बोर्ड मागवला. विक्रेत्याला आधीच कळवून बिलावर लिहून घेतलं, ‘वायर्ड ऑडिओ बोर्ड, नो आरएफ, नो अँटेना’. पार्सल परवा मुंबईला पोचलंय. अजून मेल आलेला नाही.