स्वातंत्र्यावर गेलेली माणसं

ऑगस्ट लागला की बुडापेस्टमध्ये कुणालाही मेल टाका, पुढच्या क्षणाला ऑटो-रिप्लाय हजर. वर हंगेरियन, खाली इंग्लिश. इंग्लिशवाला भाग जगभर असतो तोच, म्हणजे मी ॲन्युअल लीव्हवर आहे, मेल अधूनमधून बघेन, अर्जंट असेल तर अमक्याला गाठा वगैरे. हंगेरियन भागात मात्र असतं "सॉबॉच्चागोन वॉद्योक", आणि त्याचा सरळ अर्थ होतो, मी स्वातंत्र्यावर आहे.

रजेला आणि स्वातंत्र्याला या लोकांकडे शब्द एकच, सॉबॉच्चाग. डॅन्यूबवरचा तो हिरवा लोखंडी पूल, ज्याच्यावरून 47 आणि 49 नंबरच्या ट्राम जातात, तो 1896 मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफच्या नावाने उघडला, महायुद्धात उडवला गेला, 1946 मध्ये परत उभा केला आणि नाव ठेवलं स्वातंत्र्य पूल. आता हंगेरियन न येणाऱ्या पण ऑफिसात काम करून चार शब्द उचललेल्या माणसाला तो रजा पूलच वाटणार, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी त्याच्या लोखंडावर पाय सोडून बियर पीत बसलेली पोरं बघितली की वाटतं, बरोबरच आहे की.

आपली रजा बघा. शब्द अरबी-फारसीतून आलेला, मूळ अर्थ मर्जी, संमती. म्हणजे आपण साहेबाची मर्जी मागतो, ती मिळाली की मग गावाला जातो. आमच्या घरात वडिलांच्या तोंडी "रजा टाकली" असायचं, अर्ज टाकल्यासारखं, आणि मंजूर होईपर्यंत जीव टांगणीला. हंगेरियन माणूस सुट्टीला स्वातंत्र्य म्हणतो ते मला उगाच भारी वाटत आलंय, भले त्यालाही मॅनेजरच्या सिस्टीममध्ये जाऊन बटण दाबूनच ते मिळत असेल. कायद्याने वर्षाला 20 दिवस मूळ, आणि वय वाढेल तशी त्यात भर, 45 व्या वर्षापर्यंत एकूण 30. वय वाढेल तसं स्वातंत्र्य वाढणारी ही एवढी एकच जागा माझ्या माहितीत आहे. शिवाय सरकारचा एक खास प्रकार आहे, सण गुरुवारी आला की मधला शुक्रवार सुट्टी देऊन टाकायची आणि बदल्यात कुठलातरी शनिवार कामाचा करायचा. त्या शनिवारी ऑफिसात जी तोंडं दिसतात ती बघण्यासारखी असतात.

तर मुद्दा शब्दांचा. इथे ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक घरचा शब्द आहे, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी बसून घडवलेला आहे. हंगेरीत राज्यकारभाराची भाषा लॅटिन होती आणि ती पार 1844 पर्यंत, तेव्हा कायदा करून हंगेरियन अधिकृत झाली. त्याच्या आधीची पन्नास-साठ वर्षं लेखकमंडळी शब्द पाडत बसलेली होती. त्यांचा म्होरक्या काझिन्त्सी फेरेन्त्स, हा गडी 1794 ते 1801 राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होता आणि बाहेर आल्यावर याने काय केलं तर भाषा दुरुस्त करायला घेतली. लोकांनी टिंगल केली, 1813 मध्ये नव्या शब्दांची खिल्ली उडवणारं अख्खं पुस्तकच निघालं, मग त्याला उत्तर निघालं, मोठी भांडणं झाली. पण शब्द राहिले. आपल्याकडेही शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांनी दिनांक आणि महापौर दिले, त्यावरही लोक हसलेच होते आणि आज महापौर म्हणताना कुणाला काही वाटत नाही.

त्या काळातला एक शब्द म्हणजे इरोदॉ, ऑफिस. 'ईर' म्हणजे लिहिणं, त्याला जागा दाखवणारं शेपूट लावलं, झालं ऑफिस. लिहायची जागा. सेक्रेटरीला तित्कार, 'तितोक' म्हणजे गुपित, तेव्हा गुपितं सांभाळणारा. सीव्हीला ओनेलेतरॉय्झ, यात तीन तुकडे, स्व, जीवन, चित्र. लिंक्डइनवर सगळे जे करतात त्याला याहून नेमका शब्द कुणी काढून दाखवावा. पेन्शन म्हणजे न्युग्दीय, अर्ध्या भागात विसावा आणि अर्ध्या भागात मानधन. आजारपणात मिळणारा भत्ता ताप्पेन्झ, यातलं ताप म्हणजे पोषण आणि पेन्झ म्हणजे पैसे, पण मराठी कानाला तो तापाचा पैसा वाटतो आणि दोन्ही हिशेबांनी बरोबरच बसतो.

एवढी सोय असून ऑफिसात बोलतात काय, तर अप्रूव्ह, फॉरवर्ड, चेक, डेडलाईन. डेडलाईनला हॉतारइदो हा स्वच्छ शब्द आहे, हॉतार म्हणजे हद्द, इदो म्हणजे वेळ, पण तो करारात आणि सरकारी नोटिशीत दिसतो, कॉलवर डेडलाईनच. मीटिंगला दोन-दोन घरचे शब्द असून "मीटिंगेन वॉद्योक" चालूच, मी मीटिंगवर आहे.

पण आपण आणि ते यात एक फरक आहे आणि तो मला फार मजेशीर वाटतो. आपण इंग्लिश शब्दाला हात लावत नाही. बाजूला 'कर' नाहीतर 'हो' उभा करतो, चेक कर, अप्रूव्ह झालं, फॉरवर्ड करून ठेव. पाहुण्याला पाटावर बसवून कामं सगळी घरच्यांनीच करायची तसं. हंगेरियन माणूस पाहुण्याला आल्या आल्या कामाला लावतो. चेकला क्रियापदाचा प्रत्यय लागून चेक्कोल, मग पुढे 'ले' लागतं, मागे 'ओम' लागतं, होतं लेचेक्कोलोम, म्हणजे मी ते चेक करून टाकतो, आणि या एका शब्दात मी, ते, चेक, करून आणि टाकतो सगळं आलं. स्कॅनचं स्केन्नेल, लाईकचं लायकोल. प्रत्यय कुठला लागणार ते बहुतेक वेळा शब्दातल्या स्वरांवर ठरतं, आ-ओ-उ सारखे तोंडात मागून निघणारे स्वर असले तर ओल, ए सारखे पुढून निघणारे असले तर सहसा एल (चेक्कोल हा त्यातला अपवाद), आणि हे पाचवीतलं पोरगंही कालच आलेल्या शब्दाला लावतं.

आपली डोकेदुखी वेगळी, आपल्याला लिंग ठरवावं लागतं. मीटिंग झाली पण कॉल झाला, ईमेल आला की आली यावर अजून घरोघरी दोन पार्ट्या आहेत. हंगेरियनमध्ये लिंग नाहीच, तो आणि ती दोघांना मिळून एकच सर्वनाम, जेमतेम 'ओ' एवढंच. त्यामुळे इथले उत्तम इंग्लिश बोलणारे लोकसुद्धा थकले की बाईला 'ही' आणि बुवाला 'शी' करून टाकतात. पुण्याहून कॉलवर जोडलेली मंडळी मग पाच मिनिटं गोंधळलेली, की नक्की कोण मॅटर्निटी लीव्हवर चाललंय.

बरेच दिवस ऐकत राहिल्यावर मला एक वाटायला लागलंय. जे कंपनीचं आहे ते इंग्लिशमध्ये, जे माणसाचं स्वतःचं आहे ते हंगेरियनमध्ये. टार्गेट, टास्क, फीडबॅक, एस्कलेशन हे सगळं इंग्लिश. पण पगार फिझेतेश, रजा सॉबॉच्चाग, जादा कामाचे तास तूलोरॉ, आजारपणाचा पैसा ताप्पेन्झ, आणि यातल्या कशाबद्दलही एचआरशी बोलायचं झालं की लोक झटकन आपल्या भाषेत शिरतात. एचआरला म्हणतातही हा-एर. पगाराचा आकडा विचारला तर महिन्याचा आणि ब्रुत्तो सांगतात, त्यातले 15 टक्के आयकर आणि 18.5 टक्के सामाजिक विम्याचे कापून हातात येतो तो नेत्तो, आणि हे गणित मान खाली घालून दोन मिनिटं चालतं, शंभर टक्के हंगेरियनमध्ये. मराठीतही थोडंफार असंच की, ॲप्रेझल इंग्लिश पण पगार पगारच, आणि तोही मूळचा पोर्तुगीजांचा. खाडा, हजेरी, बढती हे शब्द अजून कुणी काढून घेतलेले नाहीत. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन असल्या गोष्टीला मराठी शब्द न झालेलाच बरा, परका आहे तोवर निदान अंगाला चिकटत नाही.

मेलचा मायना हा अजून एक प्रकार. नावापुढे स्वल्पविराम नाही, उद्गारचिन्ह. "केद्वेश ॲना!" म्हणजे प्रिय ॲना, पण नवख्याला वाटतं आपल्यावर कोण ओरडतंय. अनोळखी किंवा मोठ्या माणसाला "तिस्तेल्त", आपल्या माननीयच्या जवळपासचं. आडनाव आधी आणि नाव नंतर, अगदी आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं, पण इंग्लिश सहीत ते उलटवतात, काही जण उलटवत नाहीत, आणि मग परदेशातले क्लायंट वर्षभर कुणालातरी आडनावानेच हाक मारत राहतात. तो बिचारा सांगतही नाही. ईमेल पत्त्यातल्या त्या गोल चिन्हाला म्हणतात कुकॉत्स, म्हणजे अळी. बँकेतली गंभीर बाई काचेपलीकडून पत्ता वाचून दाखवताना मध्येच अळी म्हणते आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही.

कामाला मुख्य शब्द मुंकॉ, तो स्लाव्ह भाषांतून आला आणि तिकडे त्याचा अर्थ होता यातना. रोजच्या बोलण्यात मात्र मेलो, तो यिद्दिशमधला, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला. समाजवादी काळात खाजगी क्षेत्र या लांबलचक शब्दाचे तुकडे जोडून मॉसेक केलं, ज्याचं स्वतःचं छोटं दुकान किंवा धंदा तो मॉसेक. आणि सगळ्यात लाडका शब्द फुशी. कारखान्याच्या वेळेत, कारखान्याच्या मशीनवर, कारखान्याच्याच तुकड्यातून घरासाठी काहीतरी बनवून घेणं म्हणजे फुशी, आणि चोरी म्हटलेलं त्याला कुणाला आवडायचं नाही. आता लेथ गेले, ओपन ऑफिस आलं. पण 1 सप्टेंबरला इथल्या शाळा उघडतात, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या प्रिंटरमधून वेळापत्रकं, वह्यांची लेबलं आणि डायनासोर निघत असतात, रंगीत, दोन्ही बाजूंनी, आणि त्या रांगेत मॅनेजरही उभा असतो.