सिली मिस्टेक

परीक्षेचे पेपर घरी आले की आमच्या जिन्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "येत होतं हो त्याला सगळं, सिली मिस्टेक झाली." अधिकाचं उणे झालं, हातचा राहिला, उत्तरापुढे 'रुपये' लिहायचं राहून गेलं. नुसती 'चूक' म्हटली की ती मुलाची होते. 'सिली मिस्टेक' कुणाचीच नसते, सर्दीसारखी आपोआप होते. भाच्याच्या वतीनं मीही हे वाक्य बऱ्याचदा वापरलंय.

पण हा 'सिली' मुळात मूर्ख नव्हताच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'सेलिग' होता. अर्थ होता सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. त्याचा जर्मन भाऊ 'झेलिग' अजून त्याच गादीवर बसलाय. इंग्रज भाऊ मात्र पायरी पायरीनं घसरत गेला. देवाचा लाडका तो निष्पाप. निष्पाप तो बिचारा, आणि बिचारा तो दुबळा. शेक्सपिअरच्या 'द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'त दरोडेखोर व्हॅलेंटाइनला आपला म्होरक्या व्हायला सांगतात. तो कबूल होतो, पण अट घालतो : 'सिली' बायका आणि गरीब वाटसरू यांना त्रास द्यायचा नाही. या बायका मूर्ख नव्हेत, निराधार आहेत. तिथून अक्कलशून्य व्हायला आणखी एकच पायरी होती.

इंग्रजांना हसण्याचं कारण नाही. 'भोळा शंकर' म्हणताना आपण हात जोडतो आणि 'भोळसट' म्हणताना तोच हात कपाळावर मारतो. 'शहाणा'चं तर विचारूच नका. "मोठा शहाणा लागून गेलास" हे कौतुक म्हणून कुणी ऐकलंय?

उलट्या वाटेनं गेला तो 'नाइस'. लॅटिनमधला अजाण, इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख, मग चोखंदळ, आणि शेवटी छान. दोघांची जिन्यात कुठेतरी गाठ पडली असणार.

माझी 'सिली'शी पहिली ओळख मात्र रेडिओवरच्या क्रिकेटमुळे झाली. सिली पॉइंट, सिली मिड-ऑन. बॅटच्या इतकं जवळ उभं राहणं म्हणजे वेडेपणाच, म्हणून हे नाव. आपला एकनाथ सोलकर उभा राहायचा ती जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग. नावात 'सिली' नसलं तरी जात तीच. हेल्मेट नाही, काही नाही. २७ कसोटींत ५३ झेल! १९७१ साली ओव्हलवर वेंकटराघवनच्या चेंडूवर त्यानं अॅलन नॉटचा झेल सूर मारून घेतला. चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी टिपले, इंग्लंड १०१ धावांत आटोपलं, आणि तिथली पहिली मालिका आपण जिंकली. त्या जागी उभं राहणारा जुन्या अर्थानं 'सेलिग'च असावा लागतो. नाहीतर दात शाबूत राहत नाहीत.

परवा भाच्यानं पेपर आणला. 'सत्तावीस' ऐकून त्यानं ७२ लिहिले होते. सात आधी ऐकू आला, तो आधी लिहिला. मला तरी त्यात त्याचा दोष दिसेना. तरीही तोंडातून 'सिली मिस्टेक' निघालंच, आणि ओघात मी त्याला 'सेलिग'ची सगळी गोष्ट सांगून टाकली.

"म्हणजे लकी मिस्टेक?" त्यानं विचारलं, आणि सहीसाठी पेन माझ्या हातात दिलं.