एकच भांडण, दोन कोर्टं आणि दोन पिशव्या

ताईच्या कागदांच्या आता दोन पिशव्या झाल्यात, गुलाबी पुण्याची आणि पांढरी इस्लामपूरची. एकदा गडबडीत पांढरी घेऊन मी स्वारगेटला उतरलो, तेव्हापासून आई निघताना पिशवी उघडून बघते. (इस्लामपूरचं ईश्वरपूर झालंय माहितीये, पण तोंडात बसायला वेळ लागणार.)

दाजींनी, सवयीनं अजून दाजीच म्हणतोय, घटस्फोटाचा अर्ज पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात टाकला कारण दोघं शेवटचे एकत्र तिथंच राहत होते. लग्न जिथं लागलं, समोरचा जिथं राहतो किंवा दोघं शेवटचे जिथं एकत्र राहिले तिथं अर्ज चालतो, आणि २००३ पासून अर्ज बायकोचा असेल तर ती राहते तिथंही चालतो. पण ताईला तेव्हा घटस्फोट नकोच होता, तिनं माहेरी, इस्लामपूरला, नुसता खावटीचा म्हणजे पोटगीचा अर्ज टाकला. म्हणून दोन ठिकाणी हेलपाटे.

मला वाटायचं कायदा एक म्हणजे कोर्टाची पद्धत पण एकच. तर तसं नाही. १९८४ च्या कायद्यानं दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात कौटुंबिक न्यायालय लागतंच, बाकी ठिकाणी सरकार काढेल तसं. जिथं ते नाही तिथं घटस्फोट दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढं, खावटी मॅजिस्ट्रेटपुढं आणि पोराच्या ताब्याचा अर्ज पालकत्वाच्या कायद्याखाली टाकला की जिल्हा न्यायालयात, म्हणजे एकाच नवराबायकोची तीन दारं. पुण्यात हे तिन्ही एका छताखाली. केसचे नंबरसुद्धा वेगळे, आपल्याकडं एचएमपी म्हणजे हिंदू मॅरेज पिटिशन म्हणतात, तिथं पीए म्हणजे पिटिशन ए, आणि मी येडा कोर्टाच्या ॲपवर अर्धा तास एचएमपी शोधत बसलो आणि केसच गायब झाली म्हणून वकिलांना फोन लावला. ते हसले नुसते.

वकिलाचं पण तसंच. आपल्याकडं वकीलपत्र दिलं की वकील बोलतो, आपण मागच्या बाकावर. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, ती मिळते म्हणा, पण मुळात त्यांना नवराबायकोनं स्वतः बोलायला हवं असतं. आम्हाला आधी समुपदेशकाकडं पाठवलं. मला बाहेर बसवलं, आत फक्त दोघं. पाऊण तासानं ताई बाहेर आली आणि म्हणाली, "ते अजून कपाटाच्या चावीवरनंच चिडलेत." दोन वर्षं आम्ही हुंडा, नोकरी, सासू सगळ्यावर डोकं लावलं होतं, चावीचं कुणालाच ठाऊक नव्हतं! आपल्याकडं पण जज साहेब समेटाचा प्रयत्न करतातच, मध्यस्थीला पाठवतात, पण असा कोर्टाचाच समुपदेशक आमच्या वाट्याला इथं काही आला नाही. मला विचाराल तर खरा फरक हाच, बाकी कागदपत्र.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापास्नं खावटी मागितली की दोघांनी कमाई, कर्ज, मालमत्तेचं शपथपत्र द्यायचंच. त्यामुळं दाजींची पगारस्लिप दोन्ही पिशव्यांत आहे.

अपिलात परत फाटा फुटतो. आपल्याकडचा घटस्फोटाचा निकाल पटला नाही की आधी जिल्हा न्यायालय. कौटुंबिक न्यायालयाचा असेल तर सरळ हायकोर्ट, पुण्याचं मुंबईला. आणि सांगली-साताऱ्याचं हायकोर्ट ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला, सर्किट बेंच म्हणजे हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ तिथं झाल्यामुळं. कराडच्या माणसाला पहाटे मुंबईची गाडी धरायला नको, हे लई बरं झालं.

पण सगळ्यात कठीण मिरजेच्या बाईंचं. बाकावर शेजारी बसल्या होत्या, नवऱ्यानं केस अथणीला टाकलेली. मिरजेहून अथणी किती लांब हो, पण ते कर्नाटक. पुण्याची केस सांगलीत आणायची तर हायकोर्टात अर्ज करता येतो, अथणीची मिरजेत आणायची तर थेट दिल्लीला, सुप्रीम कोर्टात. त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा मी अथणीलाच जाते, भाकरी बांधून."

आमची पुढची तारीख पुण्याची आहे. दाजींनी ती चावी समुपदेशकांकडं आणून ठेवलीय म्हणे, पण कपाट आता आमच्या माडीवर आहे आणि त्याचं कुलूप आईनं गेल्या दिवाळीतच बदललंय.