पेटीवरून बाकावर

देवाने लेवींना, म्हणजे उपासनेच्या सेवेला वाहिलेल्या इस्राएली वंशाला, पन्नासाव्या वर्षी रिटायर केलं होतं. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात नियम स्पष्ट आहे: पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेला लागायचं आणि पन्नाशी झाली की थांबायचं. त्यापुढचं कलम मला जास्त कठीण वाटतं. त्यांनी भाऊबंदांना मदत करावी, पण स्वतः सेवा करू नये.

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत पाळकांना निवृत्तीचं वय असतं, पंचकमिटीला मुदत असते. माझ्यासारख्या पेटी वाजवणाऱ्याला यातलं काहीच नाही. पगारच नाही तर पेन्शन कुठली? ही सेवा, आणि सेवेतून कुणाला कमी करायचं म्हणजे कमिटीच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग वाजवणारा ऐंशीच्या घरात गेला तरी दर रविवारी पेटीचं झाकण तोच उघडतो. उपासना संपल्यावर दारात कुणीतरी म्हणतंच, "तुम्ही आहात म्हणून चाललंय." हे ऐकून मीही पुष्कळ वर्षं सुखावत आले. आता मला वाटतं, हे वाक्य कानावर पडू लागलं की दुसरा वाजवणारा शोधायला घ्यावा. एका माणसावाचून अडणारं गायन म्हणजे कौतुक कमी, काळजीच जास्त.

शरीर आपल्या परीने नोटीस देत असतं. माझ्या गुडघ्यांनी ती सर्वांत आधी दिली. घरोघरच्या भजनाला सतरंजीवर मांडी घालून पेटी वाजवायला काही वाटायचं नाही, पण शेवटच्या आशीर्वादानंतर मला उठवायला दोघी लागायच्या. नंतर उजव्या अंगठ्याचं मूळ दुखू लागलं. अंगठा बोटांखालून सरकवून पुढची पट्टी गाठायची, ही पेटी शिकताना पहिली घोटून घेतलेली गोष्ट, आणि नेमकी तीच नको वाटू लागली. डावा हात भात्यावर. एरवी तो तक्रार करत नाही, पण गुड फ्रायडेला बारा ते तीन, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार आणि प्रत्येकानंतर गीत म्हटलं की पाचव्या उद्गाराला खांदा भरून येतो.

कानाचं जरा वेगळं असतं. वय झालं की आधी उंच आवाज ऐकू येईनासे होतात आणि बोलण्यातले स, श, त, च त्याच भागात असतात. पेटीचा सूर छान ऐकू येतो, पण पाळकसाहेबांनी गीत पंचावन्न सांगितलं की पंच्याण्णव, ते कळत नाही. भिंतीवरचा गीतांच्या क्रमांकांचा फलक ज्याने कुणी शोधून काढला त्याचं देव भलं करो.

हे झालं वाजवणाऱ्यापुरतं. पण पेटीवाला म्हातारा होतो तेव्हा गाणंही त्याच्याबरोबर म्हातारं होतं. स्वतःचा गळा चढत नाही म्हणून काळी तीनवरची गीतं पांढरी तीनवर येतात, मग काळी दोनवर. लय थोडी थोडी बसत जाते. समोरचे समवयस्क खूश असतात, कारण त्यांनाही तेवढंच झेपतं. मागच्या बाकावरची पोरं मात्र ओठ हलवून वेळ काढतात. हे कुणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच ते वाजवणाऱ्याला स्वतःला कळत नाही. एका रविवारच्या उपासनेचं फोनवरचं रेकॉर्डिंग घरी बसून ऐकावं, लगेच कळतं.

असं चिकटून बसणारे आम्हीच नाही, याचा मला एक दिलासा आहे. पॅरिसच्या सेंट सुल्पिस चर्चमध्ये 1870 साली शार्ल-मारी विदोर नावाच्या पंचविशीतल्या तरुणाला ऑर्गनवर हंगामी नेमलं होतं. ती हंगामी नेमणूक 1933 च्या अखेरीपर्यंत चालली! एकोणनव्वदाव्या वर्षी ते उठले. त्यांचा साहाय्यक मार्सेल द्युप्रे 1906 पासून बाजूला थांबला होता. जागा मिळाली तेव्हा तोही पन्नाशीला टेकला होता, म्हणजे लेवींच्या हिशोबाने निघायच्या वयात. आणि शिष्यही गुरूवरच गेला, 1971 मध्ये मृत्यू आला तेव्हाच त्याने ऑर्गनसमोरचा तो बाक सोडला.

"वाजवता वाजवताच प्राण जावा," असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. नोत्र दामचे ऑर्गनवादक लुई व्हिएर्न 2 जून 1937 रोजी खरोखरच तसे गेले, भर कार्यक्रमात. लोक हे फार हळवं होऊन सांगतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र शेजारी उभा असलेला त्यांचा शिष्य मॉरिस द्युरुफ्ले येतो. त्या बिचाऱ्याने काय करायचं?

सोडायचंच तर पेटीआधी चाली सोडाव्यात, म्हणजे दुसऱ्याच्या हवाली कराव्यात. इंग्रजी चालींचं फारसं अडत नाही, त्या स्टाफ नोटेशनमध्ये लिहिलेल्या आहेत, शिकलेला माणूस केव्हाही काढून वाजवेल. आपल्याकडच्या देशी चालींचं तसं नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन नारायण वामन टिळक नगरला आले आणि त्यांनी आमच्या उपासनेत अभंग, ओवी आणि पदं भरभरून आणली. शब्द पुस्तकात आहेत. पण कडव्याच्या शेवटी कुठे थांबायचं, कुठली ओळ दोनदा घ्यायची, ध्रुवपदावर परत येताना सूर कसा वळवायचा, हे आमच्या मंडळीत फक्त वाजवणाऱ्याच्या हातात राहिलेलं आहे. हात चालतात तोवरच ते देता येतं. मी एकेक गीत घरी वाजवून माझ्या जागी येणाऱ्या नव्या मुलाच्या फोनमध्ये भरून दिलं. शाळेत मीच त्याला शिकवलं होतं, अजून मला "बाई" म्हणतो.

निघायचं ते साध्या रविवारी. नाताळ किंवा ईस्टरला निघू नये, त्या दिवशी सगळ्यांचे गळे दाटलेले असतात आणि "आजच्या दिवस" करत वर्ष निघतं. मी पावसाळ्यातला एक ओला, निम्मं चर्च रिकामं असलेला रविवार धरला. शाल आणि गुच्छ नको म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. निरोप समारंभ झाला की शेवटचं गीत वाजवावं लागतं आणि पुढच्या नाताळात लोक "तेवढं एकच" म्हणत हात धरून पेटीशी नेतात.

खरं कसब लागतं ते बाकावर बसायला. मुलाचा सूर चुकला की अर्धी मंडळी वळून माझा चेहरा बघते. म्हणून मी गीतांचं पुस्तक आता जरा उंच धरते. तो कीबोर्डवर टिळकांच्या अभंगाला तयार रिदम लावतो, ते मला आवडत नाही. विचारलं तर सांगेन. अजून त्याने विचारलेलं नाही. ट्रान्सपोझचं बटण दाबून तो क्षणात पट्टी बदलतो आणि मला मनातून हेवा वाटतो. किती अंगठे वाचले असते!

परवा आमच्या वयाचे तिघेचौघे उपासनेनंतर मला गाठून म्हणाले, "फार वर घेतो तो. आमचा आवाजच पोचत नाही. तुम्ही जरा बोला ना त्याला."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, सगळी गीतं काळी तीनवर चाललीत. मी म्हटलं, "तो तिकडे वायर गुंडाळतोय. तुम्हीच सांगा." आणि चहाला निघाले.