भिंतीला काही वाटलंच नाही का?

अकरावीच्या चाचणीतलं गणित. 200 ग्रॅमचा चेंडू सेकंदाला 10 मीटर वेगाने भिंतीवर आपटतो आणि तेवढ्याच वेगाने परत येतो. संवेगातला, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यातला, बदल काढा. आधीचा वेग 10, नंतरचाही 10. दहातून दहा गेले, उरलं शून्य. मी शून्य काढून त्याखाली ऐटीत दोन रेघा ओढल्या. सरांनी माझा पेपर वर्गाला दाखवत विचारलं, "म्हणजे भिंतीला काही वाटलंच नाही का रे?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला विनोद कळला नव्हता. परतीची दिशा उलटी, म्हणून तो वेग वजा 10 असतो आणि बदल वीसाचा; 0.2 किलोने गुणलं की 4. चेंडू नुसता थांबला असता तर 2 आला असता. थांबवण्यापेक्षा परत पाठवायला भिंतीला दुप्पट कष्ट पडतात. घरी आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीतही हे खरं आहे, पण ते असो.

परवा भाचीच्या वहीत तेच शून्य दिसलं, त्याच दोन रेघांसकट. तिच्या पुस्तकात संवेगाचा मोमेंटम आणि आवेगाचा इम्पल्स झालाय, पण वजाचं चिन्ह विसरायला भाषा आड येत नाही. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, हीच चूक देकार्त नावाच्या थोर फ्रेंच तत्त्वज्ञाने केली आहे. थोरामोठ्यांची चूक सापडली की आपली चूक जरा घराणेदार वाटायला लागते.

देकार्तने 1644 साली टकरींचे सात नियम छापले. वस्तूचा आकार गुणिले वेग, एवढंच तो मोजायचा. ती कुठल्या दिशेला चाललीय हे हिशेबात घेतच नसे. त्यामुळे त्याचा चौथा नियम असा निघाला की लहान वस्तूने स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर कितीही जोरात आपटावं, मोठी जागची हलणार नाही. कॅरम खेळलेल्या कुठल्याही पोराने हे हाणून पाडलं असतं.

म्हणून मी माळ्यावरचा कॅरम खाली काढला. पावडर टाकली आणि भाचीला उलटा खेळ दाखवला: स्ट्रायकर मधे ठेवला आणि टिचकी सोंगटीला मारली. स्ट्रायकर 15 ग्रॅमचा, सोंगटी 5 ची. टक्कर अगदी समोरासमोर आणि पूर्ण स्थितिस्थापक, म्हणजे गतीची ऊर्जा जराही वाया न जाणारी, धरली, तर सोंगटी अर्ध्या वेगाने मागे येते आणि स्ट्रायकर अर्ध्या वेगाने पुढे जातो. आता हिशेब लावा. सोंगटीने आणला होता 5 भाग संवेग. स्ट्रायकर घेऊन गेला साडेसात! आणलेल्याच्या दीडपट. हे वरचे अडीच आले कुठून? मागे फिरलेल्या सोंगटीच्या खात्यावर वजा अडीच पडलेत. साडेसातातून अडीच गेले, पाच. जमाखर्च चोख.

"म्हणजे उधारीवर?" भाची म्हणाली. मी म्हटलं, तसंच समज. खरं तर इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

देकार्तचं हे दिशेचं प्रकरण निस्तरणाऱ्यांत हॉलंडचा शास्त्रज्ञ ह्युजेन्स होता, आणि त्याची युक्ती मला फार आवडते. कालव्यातून एक नाव संथ चालली आहे. नावेतला माणूस दोन सारखे गोळे सारख्याच वेगाने एकमेकांवर आपटतो. दोन्ही तसेच उलटे फिरतात, त्यात कुणाला शंका नाही. आता नावेचा वेग गोळ्यांएवढाच असेल, तर काठावर उभ्या माणसाला काय दिसतं? एक गोळा उभाच आहे, दुसरा दुप्पट वेगाने येऊन त्याला धडकतो आणि जागच्या जागी थांबतो. उभा होता तो निघून जातो. गोट्यांच्या डावात नेम सरळ बसला की आपली गोटी त्याच जागी ठाण मांडते, ते हेच. अडलेलं गणित सुटेना तर नावेत जाऊन बसावं, एवढं भाचीला सांगून ठेवलंय.

पण तिची खरी अडचण पुढच्या गणिताला आली. 10 ग्रॅमची गोळी सेकंदाला 400 मीटर वेगाने येऊन दोरीने टांगलेल्या 990 ग्रॅमच्या ठोकळ्यात रुतते. ठोकळा किती वर जाईल? तिने गोळीची सगळी ऊर्जा ठोकळ्याला देऊन टाकली आणि उत्तर काढलं: सुमारे 82 मीटर. मी विचारलं, दोरी कुठे बांधलीय, पंचविसाव्या मजल्यावर? रुतताना ऊर्जा टिकत नाही, संवेग टिकतो. त्या हिशेबाने दोघांचा वेग 4 मीटर येतो आणि ठोकळा जेमतेम 82 सेंटिमीटर चढतो. गोळीच्या 800 ज्यूलपैकी 8 उरतात. बाकीचे लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात जातात. रुतेपर्यंत संवेग आणि झोका सुरू झाला की ऊर्जा, अशी ही दोन गणितं एकाच्या पोटात एक आहेत. परीक्षक हे सांगत नाही, त्यातच त्याची मजा असते.

हा ठोकळा काही पेपर काढणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेला नाही. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने 1742 च्या पुस्तकात बंदुकीच्या गोळीचा वेग असाच, झोका मोजून काढला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले बांधायला तो आपल्याकडे आला आणि 1751 साली दक्षिणेत फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. भाचीला यातलं फक्त एक पटलं: हा माणूस आला नसता तरी गणित आलंच असतं.

मग पुस्तक बाजूला पडलं आणि खरा डाव सुरू झाला. माझ्या दोन सोंगट्या राहिल्या होत्या, तिची एक, तीही भोकाच्या तोंडाशी, स्ट्रायकरच्या अगदी सरळ रेषेत. मी गप्प बसलो. 15 ग्रॅमने 5 ग्रॅमला सरळ ठोकलं की सोंगटी दीडपट वेगाने जाते, पण स्ट्रायकरकडेही अर्धा वेग उरतो, आणि तोही त्याच वाटेने निघतो. अशा वेळी अलगद मारायचं असतं. तिने दणकून मारला. सोंगटी गेली. स्ट्रायकर तिच्यामागून, काही घाई नसल्यासारखा, भोकापर्यंत गेला, काठावर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला.

"अर्ध्या वेगाने," ती म्हणाली, आणि गेलेली एक व दंडाची एक अशा दोन सोंगट्या मुकाट्याने मधल्या गोलात ठेवल्या.