डिस्क आहे, पण दिसत नाही

देवगड, १४ मे

रात्रीचे साडेअकरा. आत्ताच प्रेसवरून आलो. हाताला अजून बोर्डावरच्या गंजाचा वास येतोय.

काकांचा स्टिकर कापायचा कटर चालवणारा जुना पीसी काल बसला. उघडला तर चार कपॅसिटर फुगलेले, मेमरीच्या खाचेजवळ हिरवट थर. किनाऱ्यापासून दोनशे पावलांवरचं दुकान आणि खिडकी कायम उघडी, खारी हवा कोणाला सोडत नाही. पेट्यांवर लावायच्या स्टिकरची ऑर्डर रविवारची. कटर अजून ठणठणीत आहे, पण त्याचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोज एक्सपीशिवाय चालत नाही. चालतं यंत्र कॉम्प्युटरपायी भंगारात जावं, हे मला पटत नाही. माझ्याकडचा एक सेकंडहँड डेस्कटॉप नेला, मागे सिरियल पोर्ट असलेला.

एक्सपी सर्व्हिस पॅक ३ ची सीडी लावली. फायली लोड झाल्या, 'सेटअप इज स्टार्टिंग विंडोज' आलं आणि लगेच निळा पडदा, शेवटी ७बी, म्हणजे विंडोजला डिस्क सापडत नाही हा एरर कोड. केबल बदलली, डिस्क बदलली, तेच. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये, मात्र ५०० जीबी स्वच्छ दिसत होते. काका शेजारी उभे राहून म्हणाले, "डिस्क आसा, मगे सेटपाक कशी दिसणा नाय?"

प्रश्न अगदी नेमका होता. सुरुवातीच्या फायली बायोसच्या मदतीने वाचल्या जातात, तोवर ठीक चालतं. मग एक्सपीचा स्वतःचा गाभा जागा होतो आणि तिथून पुढे तो बायोसला विचारत नाही, स्वतःच्या ड्रायव्हरनेच (हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनेच) डिस्क शोधतो. एक्सपी २००१ चा, त्याला आयडीई, म्हणजे डिस्कशी बोलायची जुनी पद्धत, कळते. हा बोर्ड वापरतो ती नवी पद्धत एएचसीआय; तिची पहिली आवृत्ती २००४ ची, आणि तिचा ड्रायव्हर या सीडीत नाही. म्हणजे डिस्कचा काही दोष नव्हता, तासभर मी उगाच केबली बदलत होतो.

सोपा उपाय म्हणजे बायोसमध्ये साटा मोड (डिस्कच्या जोडणीची पद्धत) आयडीईवर करणं. या बोर्डात एएचसीआय आणि रेड (अनेक डिस्क एकत्र चालवायचा मोड) एवढे दोनच पर्याय. एफ६ दाबून ड्रायव्हर देता येतो, पण एक्सपी तो फ्लॉपीवरूनच मागतो, आणि फ्लॉपी ड्राइव्ह आता आणायचा कुठून? उरलं एनलाइट, विंडोजची सीडी बदलून बनवायचं सॉफ्टवेअर: ड्रायव्हर सीडीतच मिसळायचा आणि नवी सीडी जाळायची.

मिसळताना 'टेक्स्टमोड' निवडावं लागतं, नाहीतर तो ड्रायव्हर सेटअपच्या पहिल्या टप्प्यात चढतच नाही. ते केलं. सीडी जाळली. पुन्हा ७बी.

इथे मी थांबलो ते बरं झालं. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून एलएसपीसीआय या कमांडने कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपचा, नंबर काढला: ८०८६:१सी०२. पहिला भाग इंटेलचा, दुसरा त्या चिपचा. मग ड्रायव्हरच्या फोल्डरमधली टीएक्सटीसेटअप.ओईएम (ड्रायव्हर कुठल्या चिपसाठी आहे ते सांगणारी फाईल) नोटपॅडमध्ये उघडून १सी०२ शोधलं. नव्हतंच. मी घातलेला ड्रायव्हर याच कंपनीचा, पण या चिपच्या आधीचा. नंतरच्या आवृत्तीत तो नंबर मिळाला, तेव्हा कुठे तिसरी सीडी जाळली. मधे अर्धा तास लाईट गेली, ती वेळ आम्ही बाहेर पायरीवर बसून काढली.

नऊ वाजता पार्टिशनची यादी दिसली. त्या यादीतल्या एका ओळीकडे मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. बाकीचं इन्स्टॉलेशन आपोआप झालं.

नेटची केबल लावली नाही, लावू नका असं काकांनाही बजावलं. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झालेत, आणि कटरला नेट लागतही नाही.

साडेदहाला पहिलं स्टिकर कापून निघालं. काकांनी टाचणीने 'हापूस'मधल्या 'प'च्या पोटातला तुकडा अलगद उचलला आणि कडा नखाने तपासली. सीडीच्या दोन प्रती काढून एक त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून तिच्यावर मार्करने कंट्रोलरचा तो नंबर लिहिला.