बोर्ड गेलेला नाही

लॅपटॉप बिघडला याचे दुःख मला एवढे नाही. वस्तू जुनी आहे, कधीतरी बिघडणारच. मन कुरतडते आहे ते दुसऱ्याच गोष्टीने. नवी बॅटरी बसवल्यावर तो सुरूच होईना, म्हणून बुधवार पेठेतल्या त्याच दुकानात पुन्हा नेला, तेव्हा तिथल्या मुलाने पॉवरचे बटन एकदा दाबले, पंखा क्षणभर फिरून थांबला, आणि तो म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेला. याच्यावर खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या." बोर्ड म्हणजे लॅपटॉपचे मुख्य सर्किट. पण त्याने ना झाकण उघडले, ना वीज मोजणारा मीटर लावला. बॅटरी बदलण्यापूर्वी जे यंत्र चालत होते, ते बदलल्याबरोबर बंद पडते, आणि तरीही दोष बॅटरीत किंवा जोडणीत असेल असा प्रश्न कोणाच्या मनात येऊ नये, हे मला सहन होत नाही.

बॅटरी बदलणे भाग होते. टचपॅड दाबला जाईना, मग त्याची एक कड उचलली गेली, तेव्हा काका म्हणाले की खाली बॅटरी फुगली आहे, आता वापरू नकोस. वर्षानुवर्षे टेबलावर चार्जर लावूनच काम झाले. बॅटरीतले सेल सतत पूर्ण भरलेले आणि वर यंत्राची उष्णता, अशा स्थितीत आतला द्रव हळूहळू विघटित होऊन वायू तयार होतो आणि सेलचे पाकीट फुगते. हे समजले तेव्हा वाईट वाटले, पण निदान ते समजले तरी. कारण कळले की मला वस्तूचा राग येत नाही.

दुकानातून येताना रिक्षात डोळे भरून आले, हे लिहून ठेवते. अण्णांच्या फाइली त्यात आहेत. ताईला फोन केला तर ती लगेच म्हणाली, "नवीन घे, मी पैसे पाठवते." तिचा हेतू चांगलाच होता, पण त्या वेळी असे वाटले की सगळ्यांनाच हा विषय लवकर संपवायचा आहे आणि मी एकटीच त्याला धरून बसले आहे. तो भाग असो.

रात्री काका मल्टिमीटर घेऊन आले. आल्याआल्या म्हणाले, "आधी बॅटरी काढ, मग बोलू." त्यांनी मागचे स्क्रू काढताना प्रत्येकाची जागा कागदावर काढून घेतली, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर तो खालच्या बोर्डात रुततो. बॅटरीचा कनेक्टर सोडवला, चार्जरही काढला आणि मला पॉवरचे बटन अर्धा मिनिट दाबून धरायला सांगितले, म्हणजे बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये अडकलेला विद्युतभार निघून जातो. मग बॅटरी न जोडता नुसता चार्जर लावून बटन दाबले आणि लॅपटॉप सुरू झाला.

मी काही बोलू शकले नाही. काकांनी मात्र फक्त मान हलवली आणि पुढच्या तपासणीला लागले. त्यांच्या दृष्टीने एवढेच सिद्ध झाले होते की बोर्ड शाबूत आहे. तेवढ्यात बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडेना, तेव्हा मी पुन्हा घाबरले. पण लॅपटॉपचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते आणि त्या तारखेला साइटची ओळख पटवणारे प्रमाणपत्र अस्तित्वातच आलेले नव्हते. तारीख दुरुस्त करताच साइट उघडली.

नंतर नव्या बॅटरीची पाळी आली. जुन्या आणि नव्या बॅटरीवरचे लेबल शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींवर ११.१ व्होल्ट, म्हणजे ३.७ व्होल्टचे तीन सेल एकापुढे एक. भाग क्रमांकही तोच. मीटर लावला तर नव्या बॅटरीच्या टोकांवर शून्य. मी लगेच म्हणाले की म्हणजे हीच मेलेली आहे, तर काकांनी मलाच थांबवले. "शून्य दिसले म्हणून निकाल देऊ नकोस. बॅटरीच्या आत स्वतःची चिप असते, ती साठवणुकीत बाहेरचा प्रवाह बंद ठेवते आणि चार्जर मिळाल्यावर जागी होते." त्यांनी कनेक्टरच्या पिना टॉर्चने तपासल्या, कारण वीज वाहणाऱ्या पिना टेकल्या आणि माहितीच्या पिना टेकल्या नाहीत तरी यंत्र बॅटरीला नाकारते. सगळ्या पिना सरळ होत्या. कनेक्टर पुन्हा घट्ट बसवला, चार्जर लावला, बटन दाबले. तोच पंखा, तसाच क्षणभर, आणि बंद. बॅटरी काढली की चालू, लावली की बंद. ज्या परीक्षेसाठी काकांनी रात्रीचा वेळ दिला ती दुकानाच्या काउंटरवरही झाली असती.

जुनी बॅटरी एकदा लावून पाहावी, म्हणजे शंका उरणार नाही, असे मी सुचवले. त्यावर ते पहिल्यांदाच कडक आवाजात "नाही" म्हणाले. फुगलेले सेल पुन्हा जोडायचे नाहीत, दाबायचे नाहीत, कचऱ्याच्या डब्यातही टाकायचे नाहीत. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळ्या खोक्यात ठेवली आहे, ई-कचऱ्यात द्यायची. नव्या बॅटरीबद्दल त्यांचा अंदाज असा की ती फार दिवस पडून राहिली असावी. लिथियमचे सेल प्रमाणाबाहेर रिकामे झाले की ऋण बाजूचे तांबे विरघळू लागते. असे सेल पुन्हा भरणे धोक्याचे ठरते, म्हणून आतली चिप ते भरूच देत नाही. अंदाज खरा असेल किंवा नसेल, पण तो शेवटी, सगळे पाहून झाल्यावर मांडलेला होता.

आज दिवसभर हेच मनात येत राहिले की मला दिलासा दुरुस्तीने मिळाला का, की कोणीतरी नीट पाहिले याने. दुरुस्ती तर अजून अर्धीच आहे. मला वाटते, पाहिल्यानेच मिळाला. काकांनी तपासून "बोर्ड गेला" म्हटले असते तर मी अण्णांच्या फाइली काढून घेतल्या असत्या आणि लॅपटॉप शांतपणे दिला असता. दुकानातल्या त्या मुलाचा राग मात्र आज तितका राहिलेला नाही. त्याच्यामागे रांग होती, जुन्या यंत्रावर घालवलेल्या तासाचे पैसे त्याला कोणी देत नाही, आणि नवे विकण्यातच त्याचे पोट आहे. तरीही "पाहावे लागेल" एवढे तरी तो म्हणू शकला असता.

सध्या लॅपटॉप चार्जरने भिंतीतल्या प्लगला बांधलेला आहे आणि तेवढ्यावर माझे भागते. बॅटरी नसताना काही यंत्रे मुद्दाम हळू चालतात, हेही बहुधा त्यातलेच असावे, पण मराठी टाइप करायला लागतो तेवढा वेग त्याच्यात आहे. बदली बॅटरी मिळाली की पहिल्यांदा बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करायची आहे. ती सोय तारीख लावताना तिथे दिसली. तोपर्यंत वीज गेली तर लिहिलेले जाईल, म्हणून प्रत्येक परिच्छेद झाला की सेव्ह करते आहे.